सुशीलाबाईंचा लघुग्रह

लक्ष्मणराव गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांचे हात ओले होते, म्हणून मुलाने, संदेशने, फोन आणून त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, झालं," पलीकडून मृण्मयी म्हणाली. "आईचं नाव मंजूर झालं."

"बरं," लक्ष्मणराव म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

"कशाचं ते लक्षात आलं ना? लघुग्रहाचं. उन्हाळ्यात बोलले होते मी."

"हौ. आलं लक्षात."

संदेशने स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. संदेश, त्याची बायको शिल्पा आणि दुसरीतली मुलगी ईशा दर रविवारी कुकटपल्लीहून चिक्कडपल्लीच्या या घरी येत. शिल्पा आठवड्याची भाजी निवडून फ्रिजमध्ये ठेवून जाई. आई गेल्यापासून हा क्रम लागला होता.

थोरली मृण्मयी पुण्यात होती, खगोलशास्त्राच्या संशोधनात. शिकायला अमेरिकेत असताना ती तिथल्या वेधशाळेने काढलेली छायाचित्रे तपासायची, आभाळाच्या एकाच तुकड्याची, लागोपाठ घेतलेली. तारे जागच्या जागी असत. एका मालिकेत तिला एक फिकट ठिपका किंचित सरकलेला दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारा तो एक दगड होता. सापडला म्हणून लगेच नाव ठेवता येत नाही. आधी वर्ष आणि दोन-चार अक्षरे मिळून एक तात्पुरती खूण मिळते. मग जगभरातले लोक तो पुन्हा पुन्हा शोधतात, त्याची वाट मोजतात, आणि ती वाट पक्की झाली की कायमचा क्रमांक पडतो. नाव त्याच्याही नंतर. ते शोधणाऱ्याने सुचवायचे आणि समितीने मान्य करायचे.

"म्हणजे पत्रिका आधी आणि बारसं मागाहून," संदेश म्हणाला.

"तसंच. आणि वाटेल ते नाव चालत नाही. सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, जगातल्या कोणालाही उच्चारता आलं पाहिजे. कंपनीचं नाव नको. कुत्र्या-मांजरांची नको म्हणतात. पुढाऱ्याचं ठेवायचं तर त्याला जाऊन शंभर वर्षं व्हायला हवीत."

"आणि आईचं?"

"आईचं चालतं." मृण्मयी म्हणाली. "मी नुसतं सुशीला नाही लिहिलं. सुशीलाबाई लिहिलं. गल्लीत तेच म्हणायचे ना सगळे."

लक्ष्मणरावांनी कधीच तसे म्हटले नव्हते. ते "ऐकलं का" म्हणत, आणि सुशीलाबाईही त्यांना तसेच म्हणत.

"नावाबरोबर दोन ओळी छापतात," मृण्मयी सांगत होती, "नाव कोणाचं आणि का, ते. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. 'सुशीलाबाई जगदाळे, हैदराबादच्या एक गृहिणी. वीज गेलेल्या संध्याकाळी गच्चीवर नेऊन त्यांनी आपल्या मुलीला पहिल्यांदा तारे दाखवले.' एवढंच."

शिल्पाने गॅस बारीक केला आणि ओढणीने डोळे टिपले. संदेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. लक्ष्मणरावांच्या हातातली शेंग मोडायची राहून गेली होती.

"हे छापून आलं?" त्यांनी विचारले.

"आजच."

"मग आता बदलता येत नाही."

"का बाबा? काही चुकलंय?"

"नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "बराबर आहे."

त्यांनी शेंग मोडली, शिरा काढल्या आणि तुकडे भांड्यात टाकले.

*

सुशीलाबाईंना आयुष्यात कधी तारा दिसला नव्हता.

दिवस मावळला की त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा पडे. हे लहानपणापासूनचे होते. भालकीजवळच्या त्यांच्या गावी त्यांचे वडीलही तिन्हीसांजेनंतर ओसरीवरून उठत नसत. लग्न होऊन हैदराबादला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला ते सांगितले आणि कोणाला कळू द्यायचे नाही असे वचन घेतले. पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. पुढे बहिणींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, पण वचनाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाजारहाट उन्हे असताना उरकायची, संध्याकाळी घरातले सगळे दिवे लावायचे, रात्रीच्या लग्नाकार्याला जायचे तर नवऱ्याचा हात सोडायचा नाही. लोक म्हणत, जोडा बघा कसा आहे, या वयातही हात धरून चालतो.

लक्ष्मणराव वीजमंडळात होते. उन्हाळ्यात करंट जायचा त्या वेळी त्यांना सबस्टेशनवर हजर राहावे लागे, म्हणजे घरात अंधार असे तेव्हा ते नेमके घरी नसत. लहानगी मृण्मयी अंधाराला घाबरून रडायची. करंट केव्हा जाणार हे लक्ष्मणरावांना आधीच ठाऊक असे, म्हणून ड्यूटीवर निघण्यापूर्वी ते बायकोला त्या संध्याकाळचे आभाळ सांगून ठेवत.

"उत्तरेला बाज आहे, समोरच्या नारळाच्या वर. चार खूर, आणि बाज चोरायला आलेले तीन चोर. चोरांच्या मागं मागं वाकत गेलं की तांबूस तारा लागतो, तो स्वाती."

सप्तर्षींना बाज म्हणायचे हे, आणि बाकीची नावेही, लक्ष्मणरावांना त्यांच्या वडिलांनी शेतात राखणीला बसल्यावर शिकवली होती. सुशीलाबाई ती परत म्हणून दाखवत. नारळ कुठल्या हाताला, टाकी कुठल्या हाताला, हे दोनदा विचारून घेत. मग करंट गेला की एक हात भिंतीला आणि एक हात लेकीच्या हातात, अशा त्या जिना चढत. मृण्मयीला वाटे, आई आपल्याला नेते आहे.

काही वर्षांपूर्वी मोतीबिंदूसाठी डोळे दाखवले तेव्हा डॉक्टरांनी आतला पडदा तपासून सांगितले होते की हा आजार रक्तातून पुढे उतरू शकतो, मुलांना दाखवून घ्या. परत येताना रिक्षात सुशीलाबाई म्हणाल्या, "पोरांना काही सांगू नका. चांगलं चाललंय त्यांचं. उगीच जीवाला घोर."

"हौ," लक्ष्मणराव म्हणाले होते.

माघात त्या झोपेतच गेल्या. लक्ष्मणराव रडले नाहीत. दिवसकार्ये झाली, पाहुणे परतले, आणि ते सकाळी पार्कात फिरायला जाऊ लागले. येताना दूध आणत, पेपर वाचत, वेळेवर जेवत. काय जेवलात असे कोणी विचारले तर त्यांना आठवावे लागे. शिल्पा नवऱ्याला एकदा हळूच म्हणाली की बाबांनी फार चांगलं सावरलंय. ते त्यांनी ऐकले, आणि असेल, असे त्यांना वाटले.

*

अंबाजी दुसऱ्याच दिवशी आले. ते वीजमंडळातले जुने सोबती. आता जामबागेत मराठी मंडळींचे जे काही कार्यक्रम होत, ते बहुतेक तेच उभे करत. त्यांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"लक्ष्मणराव, अहो आपल्या वहिनींचं नाव वर आभाळात! सत्कार तर झालाच पाहिजे. मृण्मयीला बोलवा. तुम्हीपण दोन शब्द बोला."

"मी काय बोलणार?"

"वहिनींना ताऱ्यांचं एवढं वेड होतं, आम्हाला कधी मालूमच नाही. तेच सांगा की."

लक्ष्मणरावांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. अंबाजींनी बशीत ओतून फुंकर मारली.

"एक विचारू? त्या ग्रहावर आपला काही हक्क लागतो का? जागेचा वगैरे?"

"नाही."

"मग मिळतं काय?"

"नाव," लक्ष्मणराव म्हणाले.

मृण्मयी शनिवारी दुपारी आली. दारात तिने चप्पल काढली आणि आईच्या फोटोपुढे जरा वेळ उभी राहिली. फोटो कोणता लावायचा हे संदेशने ठरवले होते; त्यात सुशीलाबाई लख्ख उन्हात, कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. मग तिने बॅग आतल्या खोलीत ठेवली, आणि वरण-भात जेवताना बाप-लेकीत भाताखेरीज फारसे बोलणे झाले नाही.

दिवेलागणीला दूध संपल्याचे लक्षात आले. ती त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. परतताना गल्लीतला दिवा अजून लागला नव्हता. आभाळ अजून पुरते काळे झाले नव्हते आणि लक्ष्मणरावांना सगळे नीट दिसत होते: शेजारच्यांचे तुळशीचे डबे, इस्त्रीवाल्याची बंद गाडी, भिंतीला लावलेली काळी स्कूटर. मृण्मयी बोलत बोलत सरळ त्या स्कूटरवर गेली. गुडघा आपटला. दुधाची पिशवी खाली पडली, पण फुटली नाही.

"दिसलीच नाही," ती गुडघा चोळत हसली. "हल्ली असं होतं. पुण्यात रात्रीची गाडी चालवणं सोडलंय मी."

लक्ष्मणरावांनी वाकून पिशवी उचलली. उठायला त्यांना वेळ लागला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. चष्म्याचा नंबर वाढला असणार. बघू, वेळच होत नाही. चाळिशी उलटली बाबा, आता असंच व्हायचं."

घरी येऊन त्यांनी दूध तापवले. ते वर आले, उतू गेले, ओट्यावरून खाली ठिबकू लागले, तरी लक्ष्मणराव समोरच उभे होते. मृण्मयीने येऊन गॅस बंद केला.

"तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे?"

"उद्या संध्याकाळचं."

"सोमवारी थांबशील का? दवाखान्यात जायचंय. डोळ्यांच्या."

"तुमचे डोळे दुखतात? मग सांगितलं का नाही?" ती लगेच म्हणाली. "थांबते की."

*

रविवारी जामबागेतला हॉल अंबाजींनी झेंडूच्या माळांनी सजवला होता. माणसे बरीच आली होती. काही म्हातारी, काही पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली तरुण जोडपी, त्यांची मुले. मृण्मयीने पडद्यावर ती छायाचित्रे दाखवली: काळ्यावर पांढरे अनेक ठिपके, आणि त्यात एक सरकणारा. लघुग्रहांना कोणाकोणाची नावे असतात ते तिने सांगितले. सुरुवातीला देवतांची होती, ती पुरली नाहीत. मग नद्यांची, गावांची, शिक्षकांची, सुरेख प्रयोग करणाऱ्या शाळकरी मुलांची. बहुतेक नावे अशा माणसांची, ज्यांना आपल्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. "आम्ही गच्चीवरून बघितलं तर कुठं बघायचं, बाई?"

"तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आजी. घरच्या दुर्बिणीतूनही नाही."

"अग्गोबाई," आजी म्हणाल्या. "मग आहे हे कसं कळायचं?"

लोक हसले. मृण्मयीही हसली आणि वाट कशी मोजतात ते समजावू लागली. लक्ष्मणराव मांडीवरच्या शालीची किनार बोटाने सरळ करत होते. संदेश ईशाला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसला होता. ईशा पडद्यावरचा ठिपका बापाला बोट करून दाखवत होती. तो आधीच पुढे सरकलेला असे.

अंबाजींनी लक्ष्मणरावांचे नाव पुकारले. माइक त्यांच्या उंचीला आणायला थोडा वेळ गेला.

"पोरीने जे लिहिलंय ते खरं आहे," लक्ष्मणराव म्हणाले. "तारे तिला तिच्या आईनेच दाखवले. मी ड्यूटीवर होतो."

लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते जागेवर येऊन बसले तेव्हा कोणीतरी टाळ्या सुरू केल्या.

"एवढंच?" अंबाजी कानाशी म्हणाले. "अहो, एखादी आठवण तरी सांगायची."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. तिचा अर्थ हो की नाही, ते अंबाजींना कळले नाही.

*

डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीशी बसलेल्या मुलीने पेशंटचे नाव विचारले. लक्ष्मणरावांनी मृण्मयीचे सांगितले.

"बाबा, तुमचं सांगा."

"तुझंच दाखवायचंय."

"माझं? अहो, नुसत्या चष्म्यासाठी इथं कशाला…"

"आल्यासारखं दाखव," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असे काही होते की तिने पुढे वाद घातला नाही.

बराच वेळ गेला. डोळ्यांत थेंब घातले, मग पुन्हा थेंब घातले. एका अंधाऱ्या डब्यात डोके घालून, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे, असा एक तपास झाला. काठावरचे ठिपके तिला दिसत नव्हते. तिला मात्र वाटत होते की अजून ठिपके लागायचे आहेत. शेवटी त्यांना आत बोलावले. डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, या दोघांशी हिंदीत बोलत होत्या. त्यांनी मृण्मयीच्या डोळ्यात पुष्कळ वेळ उजेड धरून पाहिले, आणि खुर्ची मागे घेतली.

"घर में किसी को ऐसी तकलीफ है? रात में न दिखने की?"

"नहीं," मृण्मयी म्हणाली. "किसी को नहीं."

"थी," लक्ष्मणराव म्हणाले. "इसकी माँ को थी. माँ के पिताजी को भी."

मृण्मयी वळली. थेंबांमुळे तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि तिला त्यांचा चेहरा धड दिसत नसावा. ती नुसती त्या दिशेने बघत राहिली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि सावकाश सगळे सांगितले. सुरुवात झाली आहे. गती मंद आहे, बरीच वर्षे दिवसाचे काम नीट चालेल. बरे करणारे औषध आज तरी नाही, दर वर्षी तपासायचे. रात्री गाडी चालवायची नाही. रक्ताची तपासणी करू. भावंडांना आणि त्यांच्या मुलांना एकदा आणा.

बाहेर बाकावर दोघे बसले. मृण्मयीने दवाखान्याने दिलेला काळा कागदी चष्मा लावला होता. मग तिने विचारले, "तुम्हाला माहीत होतं? हे उतरतं म्हणून?"

"मोतीबिंदूच्या वेळी सांगितलं डॉक्टरांनी."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"ती नको म्हणाली."

"ती नको म्हणाली," मृण्मयीने ते तसेच म्हटले. "आणि ती गेल्यावर?"

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला. तिचे एक चाक कुरकुरत होते. ते ऐकू येईनासे झाल्यावर लक्ष्मणराव बोलू लागले. ड्यूटीवर निघण्याआधी काय सांगत, सुशीलाबाई काय विचारत, जिना कसा चढत, सगळे त्यांनी सांगितले. त्यांचे इतके सलग बोलणे सुशीलाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच होत होते. पण आवाज चढला नाही की उतरला नाही. फ्यूज कुठे आहे ते सांगावे तसे ते सांगत गेले.

"म्हणजे ते सगळं तुमचं होतं."

"मी नुसतं सांगितलं. मी पायरीसुद्धा चढलो नाही. अंधारात तुला घेऊन ती गेली."

मृण्मयीने चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला.

"एकदा आभाळ गच्च भरलेलं होतं," ती म्हणाली. "एकही तारा नव्हता. तिने बोट वर केलं आणि म्हणाली, ती बघ बाज, ते बघ चोर. मी बघतेय, तर नुसते ढग. मी तिला काही बोलले नाही. मला वाटलं, आईला ढगांच्या मागचं दिसतं."

लक्ष्मणरावांना हे माहीत नव्हते. त्या संध्याकाळी निघताना आभाळ स्वच्छ असणार, ढग मागून आले असणार. सुशीलाबाईंना ते कळायला काही मार्ग नव्हता. लक्ष्मणरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तेव्हाच ठरवलं होतं मी," मृण्मयी म्हणाली, "की आपल्यालाही तसं दिसलं पाहिजे."

ती उठली, आत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आली, त्यांना दिली. ते प्याले. पाणी सदऱ्यावर सांडले.

"संदेशला सांगायला हवं," ती म्हणाली. "ईशाला तपासायला हवं, बाबा. तिला संध्याकाळी खेळताना कसं दिसतं, हे विचारलंय का कोणी?"

"हौ. सांगायला हवं."

"मी लावते फोन. मी सांगते त्याला."

"मी लावतो."

त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नाव शोधले. संदेश ऑफिसात होता. मागे कोणीतरी तेलुगूत जोरजोरात बोलत होते.

"काय बाबा? बरे आहात ना? मृण्मयी गेली का?"

"नाही. इथंच आहे. ऐक." लक्ष्मणराव थांबले. "उद्या ईशाला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात ये. तू पण दाखव. तुझ्या आईला… सुशीलाला…"

पुढचा शब्द आला नाही. त्यांचे तोंड उघडेच राहिले आणि छातीतून एक आवाज आला, खोकल्यासारखा, मग आणखी एक. पलीकडून संदेश "बाबा, बाबा" करत होता. शेजारच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली.

मृण्मयीने फोन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. दुसऱ्या हाताने तिला थांब म्हणून खूण केली, फोन कानाशी घट्ट धरला, आणि आवाज परत यायची वाट बघत बसले.